शॅमेलिऑनच्या पाठीवर काळा पट्टा: कात आहे की दिव्याने भाजलंय?

बर्फातली_मैना | १४ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आम्ही मिनेसोटात राहतो. लेकाने (वय १२) वर्षभर डोकं खाऊन ऑगस्टात शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आणला. व्हेल्ड जातीचा, नर. आणला तेव्हा तीन महिन्यांचा होता. डोक्यावर पगडीसारखा तुरा असतो म्हणून घरात त्याला 'पंत' म्हणतात.

शनिवारी पंतांच्या तुऱ्याच्या टोकावर आणि खांद्यामागे कण्यावर राखाडी पट्टा दिसला. चुलीतली राख बोटाने फासावी तसा. नोव्हेंबरात कात टाकताना असेच पांढुरके झाले होते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आज शाळेतून आल्या आल्या लेकाने हाक मारली. पट्टा काळपट तपकिरी झालाय, आणि कण्यावर बारीक काट्यांची रांग असते त्यातले चार-पाच काटे काडेपेटीच्या जळक्या काडीसारखे वाकलेत. खातोय (आज सहा रातकिडे), डोळे उघडे आहेत, फांदी घट्ट धरतोय.

पिंजरा २ बाय २ बाय ४ फूट, सगळीकडून जाळीचा. वर घुमटाच्या शेडमध्ये ७५ वॉटचा बल्ब, शेड थेट जाळीवर ठेवलेली. जाळीपासून ९ इंच खाली त्याची ऊन खायची फांदी. फांदीवर ८५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २९ सेल्सियस. पुस्तकात सांगतात तेवढंच. ऑगस्टपासून यातलं काहीही बदललेलं नाही, त्यामुळे भाजलं असेल हे पटत नाही. नक्की काय आहे हे?

साजूक_तूप | १४ जानेवारी, रात्री १०.०५

अरेरे. हळद खोबरेल तेलात कालवून लावा तोवर. आमच्या मोत्याला सायलेन्सरचा चटका बसला होता तेव्हा आठ दिवसांत कातडं भरून आलं.

जास्वंद_टेक्सास | १४ जानेवारी, रात्री १०.२०

हळद, तेल, तूप, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका, प्लीज. तेलाखाली उष्णता आणि घाण दोन्ही कोंडतात, आणि हळदीच्या पिवळ्या थराखाली जखमेचा रंग कसा बदलतोय ते डॉक्टरला दिसत नाही.

मैनाताई, फोटो पाहिला. मी नऊ वर्षं पँथर शॅमेलिऑन पाळतेय, आणि पहिल्याला मीच भाजवला होता, म्हणून छातीठोक सांगते: ही कात नाही. कातेची कड सुटलेली असते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि ती एका बाजूला निघायला लागली की बाकी अंगावरही पांढुरकी झाक दिसते. भाजलेला डाग दिव्याच्या सर्वात जवळ असलेल्या भागावरच असतो. तुऱ्याचं टोक, कण्याची धार, कधी खांद्याचा उंचवटा. पोट आणि पायांची आतली बाजू स्वच्छ. तुमच्या फोटोत अगदी तोच नकाशा आहे.

दुसरी खूण रंगाची. शॅमेलिऑन घाबरला, गारठला की काळवंडतो, पण तो काळेपणा तासाभरात जातो आणि अंगभर असतो. रात्री दिवे गेल्यावर झोपलेला असताना टॉर्च मारून बघा. झोपेत त्यांचा रंग फिका पडतो. भाजलेली कातडी रंग बदलत नाही, त्या फिक्या अंगावर डाग तसाच उठून दिसेल.

बर्फातली_मैना | १४ जानेवारी, रात्री ११.१०

आत्ता बघून आले. पंत पोपटी-पिवळे होऊन झोपलेत आणि पाठीवर डाग कोळशाने रेघ मारल्यासारखा. पोटात गोळा आला. बल्ब बंदच आहे रात्रीचा. उद्या काय करू?

खवल्यांचा_वैद्य | १५ जानेवारी, सकाळी ६.१५

मी पशुवैद्य आहे, ब्रिटनमध्ये सरपटणारे प्राणी बघतो. फोटोवरून औषध लिहून देणार नाही, पण दिशा सांगतो.

पहिलं म्हणजे, हे काल-परवा झालेलं नाही. सरड्यांमध्ये भाजल्याची खरी खोली कळायला कित्येकदा आठवडा लागतो. आधी कातडी फिकट किंवा राखाडी, मग तपकिरी, मग काळी कडक खपली, क्वचित मध्ये पाण्याने भरलेला फोड. आज दिसतंय ते कदाचित अजून थोडं पसरेल. त्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढू नका.

तुमच्या नजरेसमोर चटका बसला असता तर लगेच दहा-पंधरा मिनिटं साधं गार पाणी (बर्फ नव्हे) हलक्या धारेने सोडायला सांगितलं असतं. आता त्याचा उपयोग नाही, उगाच ताण. आज बल्ब एकतर काढा किंवा शेड खूप वर घ्या. यूव्हीबीची (अतिनील किरणांची) ट्यूब चालू राहू द्या. खोली दिवसा उबदार ठेवा, कारण गारठलेल्या सरड्याची प्रतिकारशक्तीही गारठते.

जखमेवर काही लावायचंच असेल तर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. बिनदुधाच्या फिकट चहाइतका रंग, त्याहून गडद नको. वेदनाशामक मिसळलेली अँटिबायोटिक मलमं लावू नका. ज्यांच्या घटकांत लिडोकेन, बेन्झोकेन अशी '-केन'ने संपणारी नावं असतात ती एवढ्या लहान जिवाला विषारी ठरू शकतात.

आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरची वेळ आजच घ्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हे बघत नाहीत. अमेरिकेत एआरएव्ही या पशुवैद्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर गाव टाकून शोधता येतं. दिवसा डोळे मिटून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं, फांदीवरची पकड सुटणं, डागाभोवती सूज, वास, ओल यातलं एकही दिसलं तर वेळेची वाट न बघता इमर्जन्सीला जा.

ट्युबलाइट | १५ जानेवारी, सकाळी ८.३०

मला सरड्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी प्रकाशयोजनेच्या धंद्यात आहे, आणि 'काहीही बदललेलं नाही' हे वाक्य मला रात्रभर टोचतंय.

फांदी हलली नाही, बरोबर. पण पंत वाढले ना? तीन महिन्यांचं पिल्लू फांदीवर बसलं की त्याची पाठ फांदीच्या वर जेमतेम एक इंच. आता आठ महिन्यांच्या नराचा तुरा फांदीच्या वर किती जातो?

बर्फातली_मैना | १५ जानेवारी, दुपारी १२.४०

फूटपट्टी धरून मोजलं (पंत फिस्कारले). पाठ तीन इंच वर, तुऱ्याचं टोक चार.

ट्युबलाइट | १५ जानेवारी, दुपारी १.०५

बघा मग. बल्बचं तोंड जाळीच्या वर साधारण इंचभर धरू. ऑगस्टात पाठ बल्बपासून ९ इंचांवर होती, आता तुरा ६ इंचांवर आहे. अंतर दीडपटीने कमी झालं की झळ दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट. आरसा असलेल्या बल्बला हा हिशोब तंतोतंत लागू होत नाही, पण कल त्याच बाजूला. तुमचा थर्मामीटर फांदी मोजतोय. भाजतोय तो तुरा.

थर्मामीटरची वायर असेल तर तिचं टोक बांबूच्या काडीला चिकटवून तुऱ्याच्या उंचीवर धरा. पंतांना बाजूला काढून. अर्धा तास थांबा.

बर्फातली_मैना | १५ जानेवारी, दुपारी ३.२०

१०९ फॅरनहाइट. म्हणजे जवळजवळ ४३ सेल्सियस.

तोच बल्ब, तीच फांदी. मी स्वतः ८५ बघून रोज समाधानाने मान डोलवत होते.

जास्वंद_टेक्सास | १५ जानेवारी, दुपारी ३.४५

स्वतःला दोष देऊ नका. माझ्या वेळी तर दुकानातूनच 'सगळं एकात' म्हणून मिळालेला संच होता, त्यात शेड जाळीवर ठेवायचीच सूचना होती. माझा गडी जाळीला उलटा लटकून चढला आणि जाळीच तापलेली. तळपाय आणि पोट पोळलं. म्हणून शेड जाळीला टेकवायचीच नाही. किमान ६ इंच वर टांगायची, आणि फांदी अशी की पाठीच्या उंचीवर हवं ते तापमान येईल. मग अंतर किती येईल ते येवो.

एक विचारते. घरातलं तापमान तरी तेच आहे का?

बर्फातली_मैना | १५ जानेवारी, दुपारी ४.१०

…नाही. डिसेंबरात हीटिंगचं बिल बघून नवऱ्याने थर्मोस्टॅट रात्रीचा ६२ वर आणला. सकाळी घर तापायला दहा वाजतात. 'काहीच बदललं नाही' म्हणाले खरी.

खवल्यांचा_वैद्य | १५ जानेवारी, रात्री ११.३०

हे सर्वात महत्त्वाचं निघालं. रात्री ६२ फॅरनहाइट, म्हणजे १७ सेल्सियस, हे व्हेल्डला अजिबात वाईट नाही. येमेन आणि नैऋत्य सौदीच्या डोंगरांतला प्राणी आहे, रात्रीचा गारवा त्याच्या सवयीचा. घोळ सकाळी होतो. उन्हात सगळी हवा, फांद्या, पानं एकत्र तापतात. गार खोलीत एकट्या बल्बखाली फक्त पाठ तापते, पोट आणि आतलं शरीर थंडच राहतं. गारठलेला सरडा ऊब ओढून घ्यायला अंग गडद करतो आणि चपटा होऊन दिव्याला बाजू देतो. गडद कातडी आणखी लवकर तापते. आतलं शरीर 'अजून पुरे नाही' म्हणतंय, तोवर पाठ शिजलेली असते.

'सरड्यांना चटका जाणवतच नाही' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ते खरं नाही. वेदना जाणवणाऱ्या नसा त्यांनाही आहेत. जाणवत नसतं तर मी वेदनाशामक दिलंच नसतं.

हणमंतराव | १६ जानेवारी, सकाळी ९.००

राग मानू नका, पण येमेनचा प्राणी मिनेसोटाच्या बर्फात पिंजऱ्यात ठेवायचा, त्याला बल्बने भाजायचं आणि मग धागा काढायचा. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच. आमच्या तासगावला बांधावर असायचे, आम्ही नुसते बघायचो.

रानवाटा | १६ जानेवारी, सकाळी ९.५०

हणमंतराव, बांधावरचा तो आपला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, धरून पाळणं गुन्हा. रस्त्यावर किंवा जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी आणून बल्बखाली ठेवू नका, हे या धाग्यावर मुद्दाम लिहितोय, कारण दर पावसाळ्यात कुणीतरी 'सापडलाय, काय खायला घालू' म्हणून विचारतंच. परदेशी जातीसुद्धा साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) यादीत आहेत. भारतात त्या बाळगायच्या तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर.

मैनाताई अमेरिकेत आहेत, तिथे व्हेल्ड पिंजऱ्यातच पैदास होऊन मिळतात. त्यांचा प्रश्न आता बरं कसं करायचं हा आहे, त्यावर बोलू.

बर्फातली_मैना | १७ जानेवारी, रात्री ८.१५

हणमंतराव, राग नाही. लेकाने तुमची प्रतिक्रिया वाचली आणि "काका बरोबर बोलतात" म्हणाला. आता आणलाय तर नीट ठेवायचा.

डॉक्टरकडे जाऊन आलो. ५५ मैल. खोक्यात एक फांदी आडवी बसवली, बाजूला टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. पाठीवरचा डाग वरवरचा-मध्यम, तुऱ्याच्या टोकाचा मात्र पूर्ण जाडीचा, तिथलं कातडं मेलंय. डॉक्टरीणबाईंनी सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम दिलं, दिवसातून एकदा पातळ थर. सेफ्टाझिडिमची इंजेक्शनं, दर ७२ तासांनी एक, पुढच्या पायाच्या बाजूला. मागच्या पायात का नाही म्हणून विचारलं तर म्हणाल्या, सरपटणाऱ्यांत मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं, म्हणून रिवाजाने पुढे देतात. शिवाय वेदनाशामकाचे थेंब. वजन १०८ ग्रॅम. सगळी मात्रा त्या १०८ ग्रॅमवर मोजलेली, सिरिंजमध्ये औषध दिसतसुद्धा नाही.

आता खरा प्रश्न: मलम लावायचं कसं? हात आत घातला की पंत काळे पडतात, गळा फुगवतात आणि तोंड वासतात. आज लेकाला चावले.

जास्वंद_टेक्सास | १७ जानेवारी, रात्री ९.००

वरून हात कधीच नेऊ नका. वरून येतो तो ससाणा. हात खालून, छातीच्या पुढे, फांदीसारखा आडवा धरा आणि शेपटीला मागून हलकेच बोट लावा. तो स्वतः पुढे पाऊल टाकेल. हातावर आला की त्याला पिंजऱ्याबाहेरच्या एखाद्या कुंडीतल्या झाडावर सोडा. झाडावर तो चढत राहतो आणि चढताना पाठ तुमच्याकडे असते. दुसऱ्याने कापसाच्या काडीने मलम टेकवायचं. घासायचं नाही, टेकवायचं. वीस सेकंदांत होतं. डोळ्याजवळ जाऊ देऊ नका.

आणखी दोन गोष्टी. रात्री पिंजऱ्यात एकही मोकळा रातकिडा राहू देऊ नका, झोपलेल्या सरड्याची जखम ते कुरतडतात. वाटीतून खायला घाला. आणि खपली कधीही सोलू नका, कितीही लोंबली तरी.

खवल्यांचा_वैद्य | १८ जानेवारी, सकाळी ६.४०

उपचार योग्य चाललेत. पाण्याकडे लक्ष द्या. भाजलेल्या कातडीतून शरीरातलं पाणी जातं आणि काही औषधांचा भार मूत्रपिंडावर पडतो. वाटीतलं पाणी बहुतेक शॅमेलिऑनना ओळखूच येत नाही, पानावरचे थेंब लागतात. फवारणी पहाटे आणि संध्याकाळी नीट करा, पण मधल्या वेळात पिंजरा कोरडा होऊ द्या. सतत ओल राहिली तर जखमेवर बुरशी धरते. विष्ठेसोबत येणारा पांढरा खडूसारखा भाग रोज बघा. पांढरा असेल तर छान, पिवळा-केशरी व्हायला लागला तर पाणी कमी पडतंय.

कोकणी_फणस | १८ जानेवारी, सकाळी ११.२०

रात्रीसाठी लाल बल्ब मिळतो तो लावला तर? म्हणजे सकाळी गारठणार नाही आणि झोपमोडही नाही.

जास्वंद_टेक्सास | १८ जानेवारी, दुपारी १२.००

नको. लाल उजेड त्यांना दिसतो, झोपमोड होते. खोलीच गरम करा, सोपं पडतं. आणि बिनउजेडाचे सिरॅमिक हीटर जवळ लावणं म्हणजे अंधारात तवा टांगणं. गरम होतं ते दिसतच नाही त्याला. तापवायचे दगड मिळतात तेही शॅमेलिऑनला निरुपयोगी. तो झाडावरचा प्राणी, पोटाखालून ऊब घेत नाही.

बर्फातली_मैना | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

इंजेक्शनं संपली. पाठीवरच्या डागाची कड उचलली गेलीये, खाली गुलाबी-करडी कातडी दिसते. तुऱ्याचं टोक अजून काळं कुळकुळीत, पण वास नाही, ओल नाही. मधले तीन दिवस काही खाल्लं नव्हतं, तेव्हा माझाही घास उतरत नव्हता. हॉर्नवर्म (एक प्रकारचे सुरवंट) आणले, हिरवेगार आणि पाण्याने टच्च भरलेले. पहिला बघितल्यावर दोन्ही डोळे एकदम पुढे वळले. जीभ सुटताना आवाज येतो हो, ओला टप्पकन.

पिंजऱ्याचं सांगायचं राहिलं. पिंजऱ्याच्या वर दोन कडांना पुस्तकांचे गठ्ठे, त्यावर आडवी पट्टी, पट्टीला शेड टांगली. जाळीपासून ८ इंच वर. बल्ब अरुंद झोताचा होता तो काढून रुंद पसरणारा हॅलोजन, डिमरवर. तुऱ्याच्या उंचीवर ८४. सकाळी आधी खोलीचा हीटर, ती ७० ला आली की मग दिवा. ट्युबलाइट, तुमची बांबूची काडी आता पिंजऱ्याचा कायमचा भाग आहे. शिवाय हात पालथा धरून बघतो, पाठीच्या उंचीवर, मिनिटभर. मागे जुन्या जागी धरला होता तेव्हा वीस सेकंदांत ओढून घेतला. हे ऑगस्टात का सुचलं नाही कोण जाणे.

ट्युबलाइट | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१०

पुस्तकांचे गठ्ठे आणि हॅलोजन? ताई, लाकडी ठोकळे घ्या. आणि शेडला साखळीने दुसरा आधार द्या, एकट्या क्लिपवर भरवसा नको.

बर्फातली_मैना | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२५

उद्याच. जुने दिवाळी अंक होते ते, खाली उतरवले.

मस्कतचा_मामा | ९ मार्च, दुपारी २.१५

धागा वर काढतोय. भाचीकडे व्हेल्ड मादी आहे, सहा महिन्यांची, दिवाही असाच जाळीवर. तिलाही ८५ च ठेवायचं का?

जास्वंद_टेक्सास | ९ मार्च, रात्री ८.४०

मादीला कमी, ८० च्या आसपास. जास्त ऊब आणि जास्त खाणं दिलं की नर नसतानाही मादी भरमसाट अंडी धरते आणि त्यात खंगते. शेड आजच वर घ्यायला सांगा. माझ्या जॅक्सन शॅमेलिऑन पाळणाऱ्या मैत्रिणीकडे तर याहूनही गार असतं, केनियाच्या डोंगरातली जात ती. तेव्हा आकडा जातीप्रमाणे बघा, पण मोजायचा पाठीवर.

बर्फातली_मैना | २३ मार्च, रात्री ९.०५

काल पंतांनी कात टाकली. पाठीवरची खपली कातेसोबत एकसंध निघाली, लेकाने ती डबीत ठेवलीये, मला बघवत नाही. खाली चकचकीत करडा पट्टा आहे, त्याला रंग येत नाही. पंत हिरवे झाले की तेवढाच भाग ढगाळ राहतो. तुऱ्याचं टोक तिरकं झालंय, आणि पाच काटे गेले ते गेलेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते परत येत नाहीत, पुढच्या काही काती त्या जागी अडकू शकतात तेव्हा लक्ष ठेवा. वजन १३१ ग्रॅम.

लेक दर महिन्याच्या १ तारखेला पंतांची उंची मोजून पिंजऱ्याच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारतो. शेजारी दाराच्या चौकटीवर त्याच्या स्वतःच्या रेघा आहेत.

साजूक_तूप | २३ मार्च, रात्री ९.३०

वा वा! फोटो टाका की. आणि हळद नाही ना लावलीत शेवटी?

बर्फातली_मैना | २३ मार्च, रात्री ९.४५

नाही हो. फोटो उद्या, दिवे सातलाच गेले, पंत निजलेत.